१७ मे २०१८ ची एक नोंद, फुटाळ्यावरचा शुक्र आणि २०२६

प्रश्न : रविनगरवासी

नमस्कार. मी नागपूरला रविनगर भागात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आकाशातले मला जे थोडेफार कळते, ते माझ्या यजमानांच्या सहवासामुळे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले.

त्यांनी आकाशनिरीक्षणाचे शिक्षण कुठे घेतले नव्हते, आणि दुर्बीण म्हणाल तर घरी एक जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण होती, तेवढीच. उन्हाळ्यात घर तापले की संध्याकाळी आम्ही फुटाळा तलावावर जात असू. सूर्य पाण्यापलीकडच्या झाडांत उतरला की सगळ्यांत आधी ग्रह कोण शोधतो, यावर आमची चढाओढ चाले. माझी दूरची नजर चांगली असल्यामुळे शुक्र बहुधा मलाच आधी सापडे. मात्र त्यांना स्वतःला दिसेपर्यंत ते ही गोष्ट मान्य करीत नसत, आणि दिसल्यावर म्हणत, "हो, आता आला." जणू मी पाहत होते तेव्हा तो तिथे नव्हताच.

बँकेकडून मिळालेल्या जुन्या दैनंदिन्यांत ते अशा संध्याकाळच्या नोंदी ठेवीत. त्या चाळताना मला ही एक सापडली : "१७ मे २०१८. फुटाळा. शुक्र, कोर. गुरू मागे. २०२६?" एवढेच. ती संध्याकाळ मला चांगली आठवते, कारण त्या दिवशी चंद्राची कोर इतकी नाजूक होती आणि शुक्राच्या इतकी जवळ होती की काठावरचे अनोळखी लोकही एकमेकांना बोट दाखवून सांगत होते. मात्र "गुरू मागे" म्हणजे काय, आणि पुढे २०२६ लिहून प्रश्नचिन्ह का केले, हे मी त्यांना कधी विचारले नाही, कारण ही नोंद मी आत्ताच पाहते आहे.

माझी विचारणा अशी, की २०२६ हे वर्ष त्यांनी सहज लिहिले असेल की त्यामागे काही गणित असेल? येत्या मे महिन्यात तेच दृश्य खरोखर पुन्हा दिसणार असेल, तर ते मला पाहायचे आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठून पाहावे, हे कृपया कळवावे. गुडघ्यांमुळे मला फार चालवत नाही आणि संध्याकाळी एकटीने बाहेर थांबणे आता जमत नाही, तेव्हा ठिकाण सुचवताना हे ध्यानात घ्यावे. दुर्बीण बरोबर घेण्याचा काही उपयोग होईल का?

आणखी एक शंका आहे, विचारायला थोडा संकोच वाटतो. एखादा ग्रह "पुन्हा त्याच जागी" आला असे आपण म्हणतो, तेव्हा ती जागा कशाच्या संदर्भात धरायची? तलावाच्या, ताऱ्यांच्या, की सूर्याच्या?

उत्तर : सायंतारा

नमस्कार ताई. आपल्या यजमानांनी तो आकडा सहज लिहिलेला नाही. शुक्राच्या निरीक्षणातले सर्वांत सुंदर गणित त्या एका आकड्यात आहे. फार प्राचीन काळापासून, दुर्बिणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, माणसांनी ते नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते.

शुक्र सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे २२४.७ दिवसांत पूर्ण करतो आणि पृथ्वी ३६५.२५ दिवसांत. आतल्या कक्षेतला शुक्र वेगवान असल्यामुळे तो पृथ्वीला पुन्हा पुन्हा गाठतो. सूर्य, शुक्र आणि पृथ्वी यांची एकच मांडणी पुन्हा येण्यास साधारण ५८४ दिवस लागतात. अशा पाच आवर्तनांचे दिवस होतात २९२०, आणि आपली आठ वर्षे भरतात २९२२ दिवसांत. म्हणजे आठ वर्षांनी शुक्र सूर्यापासून तितक्याच अंतरावर, त्याच बाजूला आणि जवळजवळ त्याच ताऱ्यांमध्ये येतो. फरक पडतो तो दोन-अडीच दिवसांचा, आणि तोही तो आधी पोहोचतो म्हणून. १७ मे २०१८ रोजी शुक्र ज्या ठिकाणी होता, तेथे तो यंदा १५ मेच्या सुमारास असेल.

आपल्या शंकेचे उत्तर यातच आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उलट, हा प्रश्न विचारल्याशिवाय ग्रहांविषयी धडपणे बोलताच येत नाही. मे महिन्याच्या मध्यात सूर्य दर वर्षी क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. शुक्र सूर्यापासून ठरावीक अंतरावर आला आणि त्यामागचे तारेही तेच असले, की तलावाच्या काठावरून पाहणाऱ्याला तो त्याच झाडांच्या वर, त्याच उंचीवर दिसतो. आठ वर्षांच्या चक्रात तलाव, तारे आणि सूर्य हे तिन्ही संदर्भ एकत्र जुळून येतात. इतर ग्रहांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. मंगळाचे चक्र इतके नीट बसत नाही, आणि शनीला तर सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायलाच साडेएकोणतीस वर्षे लागतात.

आता "गुरू मागे" याविषयी. २०१८ साली ९ मे रोजी गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत होता. अशा वेळी सूर्य पश्चिमेला मावळत असताना गुरू पूर्वेला उगवत असतो. आपण दोघे पाण्याकडे, अर्थात पश्चिमेकडे तोंड करून उभे होतात आणि तुळेतला तेजस्वी गुरू आपल्या पाठीमागे वर येत होता. त्यांनी मागे वळून पाहिले असणार, म्हणूनच ती नोंद झाली. एका बाजूला शुक्र आणि दुसऱ्या बाजूला गुरू, मध्ये नागपूरचे तापलेले आकाश, असे ते दृश्य होते.

यंदा जो ठळक फरक पडणार आहे, तो याच बाबतीत. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास ११.८६ वर्षे लागतात. त्यामुळे आठ वर्षांत त्याने वर्तुळाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग ओलांडला असून तो आता मिथुनेत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे. म्हणजे या मे महिन्यात तो आपल्या मागे नसेल. तो समोरच, शुक्राच्या वर डावीकडे, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या अंतरावर दिसेल. केवळ शुक्रापुरते बोलायचे तर दृश्य तेच आहे, आणि गुरूसह पाहिले तर ते वेगळे आहे. प्रश्नचिन्ह त्यांनी कशासाठी केले हे सांगता येणार नाही. मात्र ज्याने "मागे" हा शब्द आठवणीने लिहिला, त्याला हा फरक नक्की दिसला असता, असे मला वाटते.

तारखा अशा आहेत. १६ मे रोजी अमावास्या आहे. १८ मेच्या सोमवारी संध्याकाळी बारीक कोर शुक्राच्या खाली असेल, १९ मेच्या मंगळवारी ती शुक्राच्या वर सरकलेली असेल आणि २० तारखेला गुरूच्या शेजारी पोहोचेल. आपल्या आठवणीतली नाजूक कोर १८ तारखेच्या कोरीला अधिक जवळची असेल. तरीही जमले तर तिन्ही संध्याकाळी जावे, कारण चंद्र रोज किती वेगाने पुढे सरकतो हे लागोपाठ पाहिल्याशिवाय जाणवत नाही.

त्या सुमारास नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांत शुक्र दिसू लागेल. आपली नजर चांगली असल्यास त्याहूनही आधी दिसेल. तो नऊ वाजल्यानंतर थोड्याच वेळात मावळेल, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. सर्वांत चांगला वेळ सव्वासात ते पावणेआठ हा आहे. तेव्हा आकाशात निळसर उजेड शिल्लक असतो आणि कोरीचा न उजळलेला भागही पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात अंधुक दिसतो.

दुर्बीण जरूर न्यावी, पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती डोळ्यांना लावू नये. मावळता लाल सूर्य सौम्य भासला तरी दुर्बिणीतून तो डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. मेमध्ये शुक्राचे बिंब बरेचसे भरलेले आणि लहान असते, त्यामुळे त्याची कला आपल्या दुर्बिणीत कळणार नाही. त्यासाठी पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शुक्र सूर्याच्या दिशेने परत येत असताना त्याची स्वतःची कोर झालेली असते, आणि ती लहान दुर्बिणीतही दिसते. मेमध्ये दुर्बिणीचा खरा उपयोग आहे तो चंद्राची कोर पाहण्यासाठी.

उत्तर : जुने पंचांग

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात फक्त चंद्राची बाजू जोडतो, कारण शुक्र आठ वर्षांनी परत येतो हे खरे असले तरी कोर त्याच दिवसांत तेथे कशी येते, हे राहून गेले आहे.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो आणि आमच्या घरी जुनी पंचांगे टाकून देण्याची पद्धत नाही. शके १९४० आणि शके १९४८ ही दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. २०१८ मध्ये तो १६ मेला सुरू झाला आणि यंदा १७ मेला सुरू होतो. आठ वर्षांचे चांद्रमास एरवी ९६ झाले असते. मधल्या काळात २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा आश्विन आणि २०२३ चा श्रावण असे तीन अधिक मास आले, म्हणून एकूण ९९ झाले. ९९ चांद्रमासांचे दिवस भरतात सुमारे २९२३ आणि अर्धा. म्हणजे आठ सौर वर्षे, शुक्राची पाच आवर्तने आणि चंद्राचे नव्याण्णव महिने ही तिन्ही मापे एकमेकांपासून तीन-चार दिवसांच्या आत येतात. शुक्र किंचित आधी येतो, चंद्र दीड दिवस उशिरा येतो, आणि तरीही त्यांची गाठ पडते.

ही गाठ फक्त २०१८ आणि २०२६ पुरती नाही. १६ मे २०१० च्या संध्याकाळी कोर आणि शुक्र अगदी लगत होते. त्याच्याही आठ वर्षे आधी, १४ मे २००२ च्या सुमारास, ही जोडी पश्चिमेला होतीच, आणि त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी असे डोळ्यांना दिसणारे पाचही ग्रह सूर्यास्तानंतर पश्चिम आकाशात एकत्र जमले होते. ताईंच्या यजमानांच्या आणखी जुन्या दैनंदिन्या घरात असतील, तर त्या दोन वर्षांची मे महिन्याची पाने अवश्य उघडून पाहावीत. मला तेथे काहीतरी सापडेल अशी आशा आहे.

शुक्राच्या अस्ताचेही असेच आहे. शुक्र सूर्याच्या फार जवळ जाऊन दिसेनासा झाला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त थांबतात. २०१८ च्या जानेवारीच्या आगेमागे तसा अस्त होता आणि यंदाही त्याच दिवसांत होता. लग्नघरांत मात्र एवढेच ठाऊक असते की मुहूर्त नाहीत. असो.

उत्तर : अंबाझरीकाठ

ठिकाणाविषयी लिहितो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत त्याचा उल्लेख नाही आणि ताईंना प्रत्यक्ष उपयोग त्याचाच होणार आहे.

दिशेची एक बाब आधी लक्षात घ्यावी. मे महिन्याच्या मध्यात नागपुरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेपासून सुमारे २१ अंश उत्तरेकडे मावळतो, आणि शुक्र त्याच्याही उजवीकडे, २७ अंशांच्या आसपास. म्हणून नुसते "पश्चिमेला पाणी आहे" एवढे पाहून जागा निवडू नये. पश्चिमेपासून वायव्येपर्यंतचे आकाश मोकळे असले पाहिजे. डिसेंबरमध्ये हेच सगळे नैर्ऋत्येकडे सरकते, म्हणून हिवाळ्यात पसंत पडलेली जागा उन्हाळ्यात झाडाआड गेलेली आढळते.

फुटाळ्याच्या चौपाटीवरून ही दिशा मोकळी मिळते. पाण्यापलीकडे झाडी आहे, पण सव्वासात वाजता शुक्र दोन मुठींहून अधिक उंच असल्यामुळे झाडांचा अडथळा होत नाही. अडचण आहे ती उजेडाची आणि गर्दीची. काठावर कारंजी आणि प्रेक्षक गॅलरी उभारल्यापासून तेथील वातावरण २०१८ चे राहिलेले नाही. खाद्यपदार्थांच्या गाड्या, त्यांचे दिवे, मोटारींचे झोत आणि सुट्टीच्या दिवशी होणारी कोंडी, हे सगळे गृहीत धरावे लागते. सुदैवाने शुक्र, गुरू आणि चंद्र हे तिघेही इतके तेजस्वी आहेत की शहरातल्या उजेडातही ते लपत नाहीत. धूसर तारे पाहायचे असते, तर मी फुटाळ्याचे नावही घेतले नसते.

अंबाझरीच्या पाळीवरून पश्चिमेकडचे पाणी अधिक विस्तीर्ण दिसते. नाग नदी याच तलावातून पुढे शहरात जाते. मात्र सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर बांधाच्या बाजूस कामे होत आली आहेत, म्हणून त्या दिवसांत कोठवर जाऊ देतात हे आधी पाहून घ्यावे. पायऱ्या चढाव्या लागू नयेत हेही ताईंच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गोरेवाड्याकडे अंधार चांगला मिळतो, परंतु सूर्यास्तानंतर तेथे थांबणे ज्येष्ठ व्यक्तीला सोयीचे नाही, त्यामुळे ते मी सुचवणार नाही.

माझे मत विचाराल तर ताईंनी फुटाळ्यालाच जावे. निरीक्षणासाठी ती नागपुरातली सर्वोत्तम जागा नाही, हे उघड आहे. परंतु त्यांना जे पाहायचे आहे ते त्याच काठावरून पाहायचे आहे, आणि सोमवार-मंगळवार असल्यामुळे गर्दीही बेताची असेल. साडेसहाच्या आधी पोहोचल्यास बसायला जागा मिळते. बरोबर घडीची खुर्ची, पाणी आणि डास पळवणारे मलम घ्यावे. शेजारचे कोणी मोटारीने नेणारे असल्यास उत्तमच.

हवेविषयी एक सूचना करतो. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे क्षितिजालगत धूळ फार असते. त्यामुळे सूर्य मावळताना गडद तांबडा होतो, कधीकधी तर क्षितिजाला टेकण्याआधीच धुळीत विरून जातो. यावरून आकाश खराब आहे असा समज करून घेऊन परत फिरू नये. वर दोन मुठींवर हवा पुष्कळ स्वच्छ असते. अवकाळी ढग आले तर मात्र इलाज नाही, आणि म्हणून तीन संध्याकाळींची सोय ठेवणे शहाणपणाचे आहे. २५ तारखेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याआधी हे उरकते हेही बरेच म्हणायचे.

उत्तर : एकटा गृहस्थ

ताई, आपल्या दुःखाशी माझ्या परिस्थितीची तुलना करणे योग्य होणार नाही. माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेली आहे आणि पावसाळ्यानंतर परत येणार आहे. घर रिकामे असले तरी ते ठरावीक मुदतीपुरते रिकामे आहे. तरीही हा विषय वाचून मला एक गोष्ट विचारावीशी वाटली. आम्हीही संध्याकाळी सोनेगाव तलावाच्या बाजूला फिरायला जात असू. १८ तारखेला मी येथून शुक्र आणि कोर पाहिली, तर तिला तेथून तेच दिसेल का? आणि आम्ही एकाच वेळी पाहू शकू का?

उत्तर : सायंतारा

एकाच वेळी पाहता येणार नाही. मे महिन्यात टोरांटोचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासात वाजलेले असतील तेव्हा तेथे सकाळचे पावणेदहा वाजलेले असतात. तेथे सूर्य मावळेल तेव्हा आपल्याकडे मंगळवारची पहाट होऊन सकाळ उजाडलेली असेल. परंतु तारीख त्यांच्याकडे तीच, १८ मे असेल, आणि शुक्र तोच असेल.

दृश्य मात्र अगदी सारखे नसेल, आणि मला वाटते तेच आपल्याला अधिक आवडेल. नागपुरात सोमवारी संध्याकाळी कोर शुक्राच्या बरीच खाली असेल. मधल्या दहा-बारा तासांत चंद्र पुढे सरकेल आणि टोरांटोत अंधार पडेल तेव्हा तो जवळजवळ शुक्राच्या शेजारी पोहोचलेला असेल. म्हणजे चंद्र आणि शुक्र यांची भेट सौ. वहिनींना दिसेल आणि आपल्याला तिची आधीची तयारी दिसेल. दुसऱ्या दिवशी आपण पाहाल तेव्हा चंद्र शुक्राला ओलांडून वर गेलेला असेल.

कोरीचा कलही निराळा असेल. नागपूर २१ अंश अक्षांशावर आणि टोरांटो जवळजवळ ४४ अंशांवर आहे. मे महिन्यात आपल्याकडे कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते, तर तेथे ती उजव्या बाजूला अधिक कललेली दिसेल. दोघांनी आपापल्या मोबाईलवरून छायाचित्र काढून ताडून पाहावे. जमिनीवरची एखादी झाडाची फांदी किंवा इमारत चौकटीत घेतली तरच कल नीट कळतो.

आपण दोघे जो प्रकाश पाहाल, तो शुक्रावरून निघाल्यानंतर दहा-अकरा मिनिटांनी येथे पोहोचलेला असतो. मावळत्या सूर्याचा प्रकाश आठ मिनिटे वीस सेकंदांपूर्वीचा असतो. शिवाय हवेतून येताना किरण वाकत असल्यामुळे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते त्या वेळी प्रत्यक्षात संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. सूर्यास्त पाहणारा प्रत्येक जण गेलेला सूर्य पाहत असतो, हे वाक्य काव्यमय वाटले तरी ते निव्वळ भौतिकशास्त्र आहे.

उत्तर : धरमपेठची आजी

रविनगरच्या ताईंना माझे एवढेच सांगणे आहे की शुक्र पाहून झाल्यावर लगेच घरी परतू नका. आठच्या सुमारास उत्तरेकडे वळून वर पाहा. त्या दिवसांत सप्तर्षी चांगले उंच आलेले असतात. शेपटीच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला लागून बारीक अरुंधती. लग्नात भटजींनी दाखवली तेव्हा आमच्यापैकी कितीजणींना ती खरोखर दिसली होती, देव जाणे. निम्म्या लग्नांत तर भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट करून ती दाखवली जाते. मला ती नीट दिसली ती वैधव्य आल्यानंतर, नातवाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गच्चीवर नेले तेव्हा. आपली नजर चांगली आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा फुटाळ्याच्या दिव्यांतून प्रयत्न करून पाहा. न दिसल्यास घरची दुर्बीण आहेच.

लोक कदाचित म्हणतील की आठवणीच्या जागी एकटीने जाऊन मनाला त्रास कशाला करून घ्यायचा. मलाही म्हणाले होते. त्यांचे ऐकून घ्यावे आणि आपले करावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : रविनगरवासी

आपणां सर्वांची मी मनापासून आभारी आहे. "गुरू मागे" याचा अर्थ कळला तेव्हा ती संध्याकाळ मला निराळीच आठवली. मी कोरीकडे पाहत असताना ते मध्येच वळले होते, आणि त्यांचे लक्ष उडाले म्हणून मी थोडी रागावले होते. ते गुरू पाहत होते, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही. सांगितले असते तर मीही वळले असते.

जुन्या दैनंदिन्या काढल्या. २००२ ची सापडली नाही. २०१० च्या मे महिन्यात लग्नाच्या आहेराचा हिशेब, विजेचे बिल आणि १६ तारखेला "शुक्र चंद्राला चिकटला" एवढे तीन शब्द आहेत. २०१८ ची नोंद करताना त्यांनी हे पान पाहिले असावे असे मला वाटते, कारण दोन्ही ठिकाणी तारखेखाली सारखी रेघ आहे.

मी फुटाळ्यालाच जाणार आहे. शेजारच्या मुलाने मोटारीने नेण्याचे कबूल केले असून त्याची आईही बरोबर येते म्हणाली. १८ आणि १९ या दोन्ही संध्याकाळी जाऊ. गुरू समोर असेल ही गोष्ट मला आधी थोडी खटकली, कारण मला तेच दृश्य हवे होते. आता वाटते की ते असते तर त्यांनी या फरकावरच सर्वांत जास्त वेळ बोलून घेतले असते, तेव्हा तो मीही नीट पाहीन.

एक शेवटची विनंती. जूनमध्ये किंवा पुढे या दोन ग्रहांचे आणखी काही पाहण्यासारखे असल्यास सांगावे. आणि आठ वर्षांनंतरची, २०३४ ची तारीखही सांगून ठेवावी. तेव्हा मी कोठे असेन हे सांगता येत नाही, पण शेजारचा हा मुलगा असेल, आणि त्याने विचारले आहे.

उत्तर : सायंतारा

जूनमध्ये शुक्र रोज गुरूच्या अधिकाधिक जवळ सरकत जाईल आणि ९ जूनच्या संध्याकाळी दोघांमध्ये दीड अंशाच्या आसपासच अंतर उरेल. दुर्बिणीत दोघे एकाच वेळी सहज मावतील, आणि बारकाईने पाहिल्यास गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी एखाददुसराही दिसेल. त्यासाठी दुर्बीण भिंतीला किंवा मोटारीच्या टपाला टेकवून धरावी, हातात ती थरथरते. नागपुरात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यावर पोहोचतो, तेव्हा आकाश मिळण्याची शक्यता बरी आहे, पण पूर्वमोसमी ढगांचा भरवसा धरू नये. महिन्याच्या सुरुवातीपासून जी मोकळी संध्याकाळ मिळेल ती साधावी.

२०३४ मध्ये अमावास्या १८ मेच्या सुमारास आहे आणि कोर शुक्राजवळ येईल ती २० मेच्या आगेमागे. शुक्र तेव्हा आणखी दोन-अडीच दिवस आधी आपल्या जागी पोहोचलेला असेल आणि चंद्र आणखी दीड दिवस मागे पडलेला असेल. प्रत्येक फेरीत हे अंतर असेच वाढत जाते, म्हणून कोर दर वेळी थोडी अधिक मोठी असते. १४, १६, १७, १८-१९ आणि २० मे, अशी ही मालिका त्या मुलाला लिहून द्यावी. गुरू तोपर्यंत मीन राशीच्या बाजूला गेलेला असेल आणि पहाटेच्या आकाशात पाहावा लागेल.